अंकुशभाऊंचा बस्ता

साडी नेसलेला पुरुष कसा दिसतो हे मला विचारा. मी तो कित्येक वर्षं रोज बघितलाय. गुलमंडीच्या बाजारपेठेतल्या साड्यांच्या दुकानात मी बिलाच्या कॉम्प्युटरवर बसत होते आणि माझ्या टेबलासमोर सरळ अंकुशभाऊंची गादी होती. पन्नाशी ओलांडलेली, पोट थोडं सुटलेलं, मिशा बारीक कातरलेल्या, चौकड्यांचा शर्ट पँटमध्ये नीट खोचलेला. गिऱ्हाईक बाईची नजर एखाद्या साडीवर जरा जास्त वेळ रेंगाळली की भाऊ उठून उभे राहायचे. निऱ्या भराभर घालून त्या पँटच्या पट्ट्यात खोचायचे, पदर खांद्यावर टाकायचे आणि मान किंचित वळवून थांबायचे. बायका मग त्यांच्याकडे बघतच नसत, साडीकडे बघत. भाऊंची मिशी, पोट, सगळं त्या वेळेपुरतं नाहीसं व्हायचं. शेजारच्या गादीवरचे सलीमभाई हेच करायला लागले की पोरी फिस्सकन हसायच्या. भाऊंना कधी कुणी हसलं नाही.

"हात लावून बघा ताई, साडी चावत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं, "रंग डोळ्यांनी नसतो बघायचा, हनुवटीखाली धरून बघायचा." आमच्याकडे लग्न जमलं की दोन्हीकडची माणसं मिळून कपडे घ्यायला येतात, त्याला बस्ता म्हणतात. नवरीच्या शालूपासून चुलत आत्याच्या मानाच्या साडीपर्यंत सगळं एका बैठकीत. जीप भरभरून माणसं येतात, चहा पितात, रुसतात, एकमेकांचं मानपान काढतात. अशा बस्त्यात विहिणी हमरीतुमरीवर आल्या की शेठ अंकुशभाऊंना हाक मारायचे. भाऊ भांडणातली साडी अंगावर चढवायचे आणि दोघींच्या मधोमध उभे राहून विचारायचे, "माझ्यावर वाईट दिसतीय का, सांगा." भांडण तिथेच मिटायचं.

इतका निर्लज्ज धंदा करणारा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र लाजेनं अर्धा होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पूजा जालन्याला दिलेली. पदमपुऱ्यातल्या खोलीत एकटेच राहायचे, हातानंच करून खायचे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की झाकण समोर उभं धरायचे, आत काय आहे ते दिसू नये म्हणून. आत असायची तुटकी भाकरी आणि करपलेलं पिठलं. भिंतीकडे तोंड करून चार घासांत संपवायचे. कुणी काही दिलं तर, "नको नको, माझं झालं," म्हणताना त्यांचे कान लाल व्हायचे. अंकुशभाऊंना लाज कानांत यायची. तोंडावर काही दिसायचं नाही, कान मात्र सगळं सांगून टाकायचे.

कमलबाई पहिल्यांदा आल्या त्या भाचीच्या बस्त्याला. फुलंब्रीच्या. नवऱ्यामागं पिठाची गिरणी त्याच चालवायच्या. पंचेचाळिशीच्या पुढच्या, उंच, आणि आवाज असा की आमच्या दुकानात माईक लावलाय असं वाटावं. गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून त्यांना हळू बोलायची सवयच राहिली नव्हती.

बस्त्यात एकेका नात्याची साडी निघत होती. कमलबाईंची पाळी आली तसं अंकुशभाऊंनी एकवार त्यांच्याकडे बघितलं. कपाळ मोकळं, गळा मोकळा. काही न विचारता त्यांनी मागच्या फडताळातून एक गड्डी काढून समोर ठेवली. बिस्किटी, राखाडी, धुतल्यासारखी आकाशी. हे काही ते एकटेच करत होते असं नाही. सगळ्या गुलमंडीत हेच चालायचं, आणि त्याला म्हणायचे, गिऱ्हाईक ओळखणं.

"ह्या कुणाला काढल्या?" कमलबाईंनी विचारलं. वरच्या मजल्यावरची माणसं वाकून बघायला लागली.

"तुम्हालाच ताई. सोबर आहेत."

"सोबर?" त्यांनी गड्डी एका बोटानं मागं सारली. "भाऊ, नवरा मेलाय माझा. मी नाय मेले."

अंकुशभाऊंचे कान असे पेटले की मला इथून दिसले. त्यांनी ती गड्डी दोन्ही हातांनी गोळा केली, एक साडी घसरली, ती उचलताना दुसरी घसरली. मग स्टुलावर चढून त्यांनी वरच्या कप्प्यातली जांभळी, डाळिंबी काठाची साडी काढली, अंगावर चढवली आणि कमलबाईंसमोर उभे राहिले. नजर खाली. माफी मागायची त्यांची रीत तीच असावी.

कमलबाईंनी ती वरपासून खालपर्यंत निरखली. "तुमच्या अंगावर बरी दिसायली," त्या म्हणाल्या, "माझ्यावर बी दिसंल. बांधा."

त्या दिवशी भाऊंनी डबा उघडला नाही. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उगाच स्टेपलर उघडमीट करत बसले. म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांत मी किती बायांपुढं फिकं टाकलं असंल?" मी म्हटलं, जाऊ द्या हो. तर म्हणाले, "माझी आई बी त्याच रंगात गेली. इथूनच न्यायचो मी तिला, दर दिवाळीला. तिला कधी इचारलंच नाय." दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक बाईला, अगदी काठी टेकत आलेल्या म्हातारीलाही, आधी विचारायला लागले, "रंग कोणता काढू?" काही म्हाताऱ्या लाजायच्या, काही चिडायच्या, आणि एखादी हळूच म्हणायची, "हिरवी हाय का?"

कमलबाई मग परत आल्या. फॉल लावून न्यायला. मग फॉलचा रंग पटला नाही म्हणून. मग शेजारणीला घेऊन. मग कुणालाच न घेता. एक साडी किती वेळा बदलायची यालाही काही मर्यादा असते, पण भाऊ घडी मोडून घडी घालत राहायचे आणि शेठ माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे.

डब्याचा नूर पालटला. फुलंब्रीहून रोज ये-जा करणारा आमचा वॉचमन सकाळी एक पिशवी गुपचूप भाऊंच्या गादीखाली सरकवायचा. भाऊ अजूनही झाकण समोर उभंच धरायचे. आधी करपलेलं पिठलं लपवायचे, आता वांग्याचं भरीत लपवायचे. पण भरताचा वास कसा लपणार? सलीमभाई भिंतीकडे तोंड करून त्यांच्याशेजारीच जाऊन बसायचे आणि म्हणायचे, "अंकुशभाई, दीवार देख के खानेका मजाच कुछ और है."

फोनचं तर विचारूच नका. कमलबाई तिकडून बोलायच्या आणि सगळं दुकान इकडं ऐकायचं. "जेवलात का वो?" असं भाऊंच्या कानाला लावलेल्या फोनातून यायचं, आणि भाऊंनी तोंड उघडायच्या आत सलीमभाई शेजारच्या गादीवरून ओरडायचे, "हौ, जेवले! नमक कम था!" भाऊ फोन छातीशी दाबून गोदामाच्या जिन्याकडे पळायचे. आम्ही हसायचो. मीही हसायचे, पोट धरून. त्यांचं हसं होतंय आणि ते त्यांना लागतंय, हे दिसत असूनही हसायचे.

एका सोमवारी ते केस काळेकुळकुळीत करून आले. कलप कानाच्या पाळीलाही लागला होता. नेहमी येणारी एक म्हातारी गादीवर टेकली, त्यांच्याकडे टक लावून बघत बसली आणि म्हणाली, "बाबा, तुझा थोरला भाऊ रोज बसतो इथं, तो कुठं गेला?" पुढचे चार दिवस भाऊ डोक्याला रुमाल बांधून आले. विचारलं तर ऊन लागतं म्हणाले. दुकानात एसी होता.

मग पूजा आली. जालन्याहून, तडकाफडकी. बापाकडे न जाता सरळ माझ्या टेबलाशी बसली. डोळे सुजलेले. "मॅडम, तुम्ही समजवा बाबांना. सासूबाई विचारतात, तुझ्या बापाला ह्या वयात हे काय सुचायलंय म्हणून. मी काय सांगू? मला तिथं राहायचंय." पोरगी वाईट नव्हती, घाबरलेली होती. मी तिला हळू बोल म्हणेपर्यंत बोलून झालं होतं. समोर भाऊ एका गिऱ्हाइकाला मोरपंखी साडी नेसून दाखवत उभे होते. त्यांनी शब्दन् शब्द ऐकला. गिऱ्हाइकाचं बघून झालं नव्हतं, म्हणून त्यांना हलता येईना. खांद्यावर पदर घेऊन, मान वळवून, तसेच उभे राहिले. लाजेनं माणूस मरत नाही हे त्या दिवशी मला कळलं, नाहीतर ते तिथेच गेले असते.

त्यानंतर त्यांनी तोडगा काढला. तो मला कमलबाईंकडून कळला. त्या माझ्या टेबलाशी बसून, त्यांच्या मते हळू आवाजात, म्हणजे गोदामापर्यंत पोचेल इतपत, सांगायला लागल्या.

"म्हणतेत, एखाद्या मंगळवारी वेरूळला जाऊ. घृष्णेश्वराम्होरं हार घालू, दुपारच्या आत माघारी. कुणाला कळायला नको. पोरीला हळूहळू सांगू." त्या थांबल्या. "माझ्या मावशीचा पाट लावला होता, मॅडम. दुसरं लगीन म्हणून अंधारात, गोठ्याकडं नेऊन. सवाष्णींनी तोंड बघू नाय म्हणून. मावशी मरस्तवर सांगायची, नवरदेवाचं तोंड मला बी सकाळीच दिसलं. म्या अंधारात नाय बसणार. दिवसा करीन. आन् बस्ता बांधून करीन, ह्याच दुकानात, ह्यांच्याच गादीवर."

अंकुशभाऊ समोर घड्या घालत होते. कान लाल. थोड्या वेळानं घडीकडे बघतच म्हणाले, "या मग. रविवारी या."

त्या रविवारी लग्नसराईची गर्दी होती. पाय ठेवायला जागा नाही. कमलबाई आपल्या भावाला, भावजयीला आणि त्याच भाचीला घेऊन आल्या. अंगावर ती जांभळी साडी. कपाळाला टिकली लावली होती, बारीक, पण मला दिसली. अंकुशभाऊ नवा शर्ट घालून आले होते, सकाळपासून तीन वेळा गादीची चादर झटकली होती. सगळं नीट झालं असतं. पण त्याच वेळी अंकुशभाऊंच्या गावाकडची एक जीप आली, दुसऱ्याच कुणाच्या बस्त्याला. त्यात त्यांच्या भावकीतले एक वयस्कर अण्णा होते. अण्णा थेट भाऊंच्या गादीवर येऊन बसले, चहा मागवला, आणि समोर बसलेल्या कमलबाईंकडे हनुवटीनं खूण करून विचारलं, "अंकुश, हे पाव्हणे कुठले रं? तुझ्या वळखीचे का?"

भाऊंनी कमलबाईंकडे बघितलं. मग अण्णांकडे. मी बिल करायचं थांबवलं होतं. सलीमभाईंचा हात हवेत तसाच राहिला होता.

"नाय अण्णा, गिऱ्हाईक हायेत," भाऊ म्हणाले. आणि कमलबाईंकडे वळून, रोज शंभर बायकांना म्हणायचे त्याच आवाजात, "बोला ताई, काय दाखवू?"

कमलबाईंची भावजय काही बोलायला गेली. त्यांनी तिच्या मांडीवर हात ठेवला. आणि पहिल्यांदाच, मी ऐकलं त्यात पहिल्यांदाच, त्या हळू बोलल्या.

"फिकी दाखवा एखादी."

भाऊंनी ती काढली. हे मी अजून विसरू शकत नाही. त्यांचा हात सवयीनं फडताळात गेला, राखाडी साडी काढली, समोर ठेवली. कमलबाईंनी तिला हातसुद्धा लावला नाही. "बांधा," म्हणाल्या. बिल मीच केलं. पिशवी देताना मला मान वर करता येईना. त्या गेल्या तेव्हा कपाळावरची टिकली होती की पुसली होती, हेही मी बघितलं नाही. आमच्या सगळ्या दुकानालाच त्या दिवशी लाज वाटत होती. अण्णा तेवढे निवांत चहा पीत होते.

पुढचे दिवस भाऊंच्या डब्यात परत पिठलं आलं. त्यांनी झाकण धरायचंही सोडलं. साडी अंगावर चढवायचे, पण मान वळवायचं विसरायचे. सलीमभाई एरवी थट्टेशिवाय बोलायचे नाहीत, पण एका दुपारी तेच तापले. "अंकुशभाई, तुम औरतां के सामने रोज साडी पैनते, शरम नै आती. एक औरत का नाम लेने को कायकू शरमाते? वो बिचारी तुम्हारे वास्ते अक्ख्या बाजार में आके बैठी थी." भाऊ उठले, चप्पल घातली आणि शेठना न सांगता निघून गेले. फुलंब्रीची बस धरली असणार हे आम्हाला सगळ्यांनाच कळलं.

दुसऱ्या दिवशी आले तेव्हा आवाज पार बसला होता. काय झालं ते त्यांनी मला खरखरत्या घशानं सांगितलं. सांगताना स्टेपलरचा जीव घेतला.

"तिनं गिरणी बंद केलीच नाही हो, मॅडम. दळणाला बायांची ही रांग. डबे घेऊन बसलेल्या. मी म्हटलं, चुकलो. ती म्हणली, ऐकू नाय आलं. मी मोठ्यानं म्हटलं. ती पीठ भरायलीय, बघत बी नाय. रांगंत एक म्हातारी होती, ती ओरडली, 'अगं कमल, तो चुकला म्हणायलाय!' कमल म्हणली, इचारा, काय चुकला? आता ते सगळ्यांम्होरं कसं सांगावं? पर सांगितलं. म्हातारी एकेक शब्द पुढं सांगायली. मग मी म्हटलं, लगीन करतो. म्हातारी ओरडली, 'लगीन करतो म्हणतोय!' तर कमल म्हणली, कुणाशी, नाव घ्यायला सांगा."

"घेतलं का?" मी विचारलं.

"घेतलं." कान लाल. "तीन डाव घेतलं. गिरणी लई आवाज करती हो."

"आणि ती राखाडी साडी?"

"पीठ उडतं म्हणून खिडकीला बांधलीय," भाऊ म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

कमलबाईंनी एकच अट घातली होती. बस्ता पुन्हा बांधायचा. तिथंच, तसाच, गर्दीच्याच दिवशी. आणि त्या अण्णांना बोलवायचं. भाऊंनी अण्णांना फोन माझ्यासमोर केला. घाम पुसत, पण केला. पूजाला तर रोजच करत होते. ती फोन उचलायची, ऐकायची, ठेवून द्यायची.

बस्त्याच्या दिवशी अंकुशभाऊ गादीच्या दुसऱ्या बाजूला बसले. गिऱ्हाइकाच्या. तिथून दुकान कसं दिसतं हे त्यांना माहीतच नसावं, सारखे फडताळांकडे बघत होते आणि त्याहून जास्त दाराकडे. अण्णा आले होते, तोंड वाकडं करून, पण आले होते. पूजा आली नव्हती. समोर सलीमभाई, इस्त्रीचा कुडता घालून. "बोलिये दादा, क्या दिखाऊं?" म्हणाले तसे सगळे हसले. भाऊंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

कमलबाई म्हणाल्या, "पयली पूजाची काढा. मानाची." अर्धा तास त्यांनी पूजाच्या साडीत घालवला. हनुवटीखाली धरून धरून बघितली. शेवटी राणी रंगाची, दुकानातली सगळ्यात चांगली, बाजूला ठेवायला सांगितली. "येऊ दे न येऊ दे. पोरीचा मान हाय तो." भाऊंचे डोळे भरले होते. सगळे बघत होते, तरी त्यांनी ते पुसले नाहीत.

मग शालू निघाला. डाळिंबी, भरल्या पदराचा. सलीमभाई तो अंगावर घ्यायला उठले तसं कमलबाईंनी हात आडवा केला.

"तुमी नका. त्यांना घेऊ द्या."

अंकुशभाऊ उठले. तीसेक वर्षं हेच काम केलेला माणूस, पण निऱ्या जमेनात. एक मोठी, एक लहान, पट्ट्यात खोचल्या की सुटत होत्या. त्या दिवशी मात्र कुणी साडीकडे बघत नव्हतं. सगळे भाऊंकडेच बघत होते, मिशीकडे, पोटाकडे, त्या पेटलेल्या कानांकडे. पदर खांद्यावर टाकला, तो घसरला. परत टाकला, परत घसरला. त्यांनी मान खाली घातली.

लग्न झाल्यावर ते फुलंब्रीलाच राहायला गेले, गिरणीवर बसायला लागले, आणि मीही ती नोकरी सोडली. आता अंकुशभाऊ आठवले की तेच दिसतात, भर दुपारी, भरल्या दुकानात, अण्णांदेखत, घसरलेला पदर हातात धरून उभे असलेले. आणि कमलबाई उठतात. गादीवर पाय देऊन, साड्यांच्या ढिगाऱ्यातून वाट काढत त्यांच्याजवळ जातात, पदर घेऊन त्यांच्या खांद्यावर नीट बसवतात, दोन पावलं मागं सरतात, आणि गुलमंडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात,

"मान वर करा. मला रंग बघू द्या."